ज्याची साक्ष त्यानं द्यावी

धीर या विषयावर बोलायला मला नांदगावच्या बाजूच्या एका खेड्यातून बोलावणं आलं, तेव्हा आमच्या घरात एकच माणूस हसला. पत्र मी मोठ्याने वाचत होते. 'भगिनी रत्नमालाबाईंनी आमच्या लहानशा मंडळीला धीर ह्या विषयावर दोन शब्द सांगावेत' इथवर आले आणि खाटेवरून खुर्र असा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. तांब्या घेऊन धावले, तर आमचे हे हसत होते. अर्ध्याच तोंडाने, कारण उरलेलं अर्धं तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले ते, आणि तेही माझ्यावर.

यांचं नाव प्रभाकर. एसटीत कंडक्टर होते. स्टँडवर उभे राहून 'चांदवड, मनमाड, नांदगाव' अशी हाळी घातली की उपाहारगृहातला माणूस चहा टाकून धावत येई, असा आवाज. पण तो आवाज सगळा गाडीत. घरात बोलायचं खातं माझ्याकडे. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि शाळा सुटल्यावरही माझा तास काही सुटत नसे. मी बोलत सुटले की हे हात वर करून हवेतली दोरी ओढत. एकदा ओढली की गाडी थांबवा, आणि दोनदा ओढली की जाऊ द्या पुढे. लग्न नवं होतं तेव्हा दोन टोले बरेच पडायचे. पुढे पुढे एकच पडू लागला.

मग अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. पाय हळूहळू परतला, हात थोडा आला, पण शब्द अडकून बसला. डॉक्टर म्हणाले होते, "बोलणं येईल, पण त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या. तुम्ही हातात देऊ नका. पाच मिनिटं लागली तर..."

"पाच मिनिटं थांबायचं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी आल्यावर यांनी 'च' म्हटलं की मी चहा आणून ठेवत असे. 'पा' म्हटलं की एका हातात पाणी, दुसऱ्यात पेपर. पहिला महिनाभर हे मान हलवून नाही म्हणायचे. नंतर मान हलवायचीही सोडली आणि जे आणीन ते मुकाट्याने प्यायचे. नाताळ आला तोवर यांनी तोंड उघडणंच बंद केलं. हवं ते बोटाने दाखवत. मी देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) डोळे पुसत सांगितलं, "यांचं बोलणं गेलं हो." मंडळीने यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. बोलणं कुणी नेलं हे कुणी विचारलं नाही, आणि मला मनातून ठाऊक असूनही मी सांगितलं नाही.

तर अशा बाईला धीरावर बोलायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण बोलायचं आमंत्रण नाकारायला लागणारा संयमही माझ्याजवळ नव्हता. सुशीलावन्सं चार दिवस यांच्याजवळ राहायला आल्या, आणि मी 'धीराची सात पावलं' असं भाषण वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. पाचव्या पावलाला तर माझे मलाच डोळे भरून आले.

शनिवार, द्वारकेहून

जानेवारीतल्या थंडीत सकाळी सातला नाशिकच्या द्वारकेच्या चौकात उभी राहिले. नांदगावची गाडी यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी शेजारच्या म्हाताऱ्याला तीनदा वेळ विचारली, एका टपरीवाल्याला गाडी रद्द झाली का म्हणून विचारलं, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन परत अलीकडे आले, जणू पलीकडून गाडी लवकर दिसणार होती. पिशवीत भाषणाची वही, शाल, यांनी वापरलेली जुनी चामड्याची तिकीटपिशवी (तिच्यात मी सुटे पैसे ठेवते) आणि खारी.

पिंपळगावपर्यंत द्राक्षांचे मांडव. त्यापुढे कांदा. चांदवडला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून भेळभत्ता घेतला, आणि मिरची चावली गेल्याने चांदवडची प्रसिद्ध टेकडी मी डोळ्यांतल्या पाण्यातूनच पाहिली. मनमाड मागे पडलं तसा मुलूख उघडाबोडका होत गेला. काळे दगड, हिरड्या दिसाव्यात तसे बांध, आणि मधूनच कुणाच्या तरी विहिरीपुरता हिरवा तुकडा. आमच्या नाशकाला गोदावरीच्या काठी राहून पाण्याची किंमत कळत नाही असं म्हणतात. मला ती त्या खिडकीतून जराशी कळली, आणि दुसऱ्या दिवशी नीटच कळली.

गावाचं नाव मी देत नाही. मी तिथे काय दिवे लावले ते वाचल्यावर कारण कळेल. पहिला दिवा गाव यायच्या आधीच लागला.

कंडक्टर पोरगेला होता, पण नम्र. फाटा जवळ आला तसा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, फाटे दोन हायेत. तुमाला जर मंडळीत जायाचं आसंल तर..."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले आणि उठलेच.

"तसं नाय बाई, ह्यो जुना..."

"अहो, उतरते ना मी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, हात वर केला आणि दोरी एकदा ओढली. गाडी थांबली. जन्मभर कंडक्टरशी संसार करून मला कंडक्टरचं वाक्य पूर्ण ऐकता आलं नव्हतं. गाडी गेल्यावर धूळ खाली बसली आणि दिसलं, की तिथे फाटा आहे, एक बाभूळ आहे, आणि गाव कुठेच नाही. गाव नव्या फाट्याला. मध्ये चांगली तासाभराची चाल.

अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. पदराची चिंधी फाडून तो बांधावा असा विचार केला, पण पातळ नवं होतं. मग एक चप्पल हातात, एक पायात अशी मी धीराची पहिली पावलं टाकत चालले. शेवटी मागून कांद्याच्या रोपांनी भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने विचारलं, "कुटं, मंडळीत का?" मी हो म्हणण्याआधीच त्याने ट्रॉलीकडे हात केला. रोपांच्या जुड्यांवर बसून मी गावात शिरले. अंगाला येणारा हिरव्या कांद्याचा वास सोमवारपर्यंत गेला नाही.

मार्थाआक्का दारातच उभ्या होत्या. पत्र लिहिणाऱ्या त्याच. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळ मोकळं आणि हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. त्या बांगड्या त्यांनी नवरा वारल्यावरही काढल्या नाहीत, आणि तेव्हापासून ती वीस-पंचवीस घरांची मंडळी त्याच सांभाळतात. पाळक महिन्यातून एकदा येतात, तेही जमलं तर. त्यांनी माझ्या हातातली चप्पल पाहिली, ट्रॅक्टर पाहिला, आणि "सलाम बाई," म्हणून हसल्या. "जुन्या फाट्याला उतरल्या का? कंडक्टरनं नाय सांगितलं?"

"तो सांगत होता," मी म्हटलं.

जेवायला बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचा झुणका आणि ठेचा. चुलीपुढे बसून खाल्लं. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना 'पुरे' म्हटलं की एक पोळी जास्त वाढायची चाल आहे. इथे 'पुरे' म्हटलं की खरंच थांबतात. मी नाशिकच्या हिशेबाने अर्ध्या पोटी 'पुरे' म्हणाले आणि अर्ध्या पोटीच उठले.

हात धुताना मी विचारलं, "उद्या उपासना किती वाजता?"

"सकाळी."

"म्हणजे किती वाजता?"

"समदे आले की."

"आणि सगळे कधी येतात?"

"उपासनेला," मार्थाआक्का म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

रविवार

आमच्या शहरातल्या देवळात नऊला घंटा होते आणि साडेदहाला आशीर्वाद. उपदेश वीस मिनिटांच्या पुढे गेला की मागच्या बाकांवर खोकला सुरू होतो, आणि तो खोकला कोणत्याही औषधाने जात नाही, फक्त 'आमेन'ने जातो. त्या खोकल्याची सुरुवात पुष्कळदा माझ्यापासून होते.

इथे पत्र्याची एक खोली, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीवर लाकडी क्रूस आणि त्याखाली एक घड्याळ. मी नऊला जाऊन बसले. घड्याळात सव्वाचार वाजले होते. कोणत्या दिवसाचे, ते देव जाणे. लोक येत गेले. कुणी गाई सोडून, कुणी पोराला न्हाऊ घालून. साडेदहाच्या सुमाराला मार्थाआक्कांनी इकडेतिकडे पाहून एक गीत सुरू केलं. ढोलकी, टाळ आणि एक झांज. सूर उंच होता, पण आवाज खरे होते. मी माझ्या बोटांनी वहीची पानं चाळून ठेवली. उपदेशाच्या आधी साक्षी होणार होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याला देवाने महिन्याभरात काही दिलं असेल त्याने उठून सांगायचं, अशी तिथली चाल.

दोन बायकांनी दोन-दोन वाक्यांत उपकार मानले. तिसरा उठला तो शांतवन. चाळिशीचा असेल. खांदे रुंद, हातांना घट्टे, नखांत दगडाची पांढरी भुकटी. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "प्रभूच्या ना... ना... नावानं... समद्यास्नी... स... स..."

बोबडेपणा नव्हता तो. शब्द त्याच्या गळ्यात येऊन एखाद्या अडेल बैलासारखा उभा राही. मान ताणली जाई, डोळे मिटत, आणि खूप वेळाने तो शब्द पाऊल टाकी. "सलाम," असं निघालं तोवर मी वही दोनदा उघडून मिटली होती.

मंडळीत मात्र कुणालाच घाई नव्हती. त्याच्याकडे टक लावूनही कुणी पाहत नव्हतं. एक बाई पोरीची वेणी घालत होती. एक म्हातारा जमिनीवर बोटाने रेघ ओढत होता. मार्थाआक्का मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, उन्हाला बसावं तशा.

"मी... माज्या... रानात... वि... वि... वि..."

मी मोजत नव्हते, पण मनात माझी सात पावलं एकमेकांना ढकलत होती. वर्गात असं झालं की मी काय करत असे ते सांगायला नको. जीभ आपोआप पुढे गेली.

"विहीर!" मी म्हटलं. चांगलं खणखणीत, मागच्या बाकावर ऐकू जाईल असं.

खोलीतला सगळा आवाज थांबला. वेणी घालणारा हातही थांबला. शांतवन माझ्याकडे पाहून हसला. राग नव्हता त्यात. मग त्याने पुन्हा हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभूच्या... ना... ना..."

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली होती.

मार्थाआक्का माझ्याकडे झुकल्या. "बाई, त्याचा शब्द दुसऱ्यानं बोलला तर त्यो पुन्यांदा पयल्यापासनं सांगतो. ज्याची साक्ष त्यानं द्यावी, आसं ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"त्यानंच. पयले आमी समदे मदत करायचो त्याला. मंग त्यो येयाचाच बंद झाला. लय वर्सं आला नाय. आला तवा ह्येच सांगितलं."

मी हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटले. हे दुसऱ्यांदा सगळं आलं: नाव, सलाम, रान, विहीर. विहीर आली तेव्हा मला वर्गातलं पोर पास झाल्यासारखा आनंद झाला. पुढचं हळूहळू उलगडत गेलं. त्याच्या वाट्याच्या खडकाळ तुकड्यात तो कित्येक वर्षं विहीर खणतोय. मशीन नाही, सुरुंग नाही. टिकाव, पहार आणि घण. बायको वरून दोराने पाटी ओढते. वर मुरूम होता, मग काळा खडक लागला. ह्या महिन्यात ते आणखी एक हात खाली गेले. "आन परवा... सांच्याला... पा... पा..."

आता आमच्या देवळात साक्षी कशा असतात ते मला पाठ आहे. आजारी पडलो, प्रार्थना केली, गाठ विरघळली. मुलगा नापास झाला, प्रार्थना केली, नोकरी लागली. साक्षीचा शेवट गोड असतो, नाहीतर ती साक्ष कशाला? माझ्या डोळ्यांपुढे पाण्याची चिळकांडी उडाली, आणि खरं सांगते, ह्या वेळी घाई नव्हती, आनंदच होता.

"पाणी लागलं!" मी ओरडले. "देवाचे उपकार!"

शांतवनने मान हलवली. नाही. एकदाच, सावकाश. ती मान मला घरची वाटली. पहिल्या महिन्यात चहाचा कप बघून हे अगदी अशीच मान हलवत.

मग त्याने तिसऱ्यांदा हात जोडले.

माझे कान तापले. उठून बाहेर जावं असं वाटलं, पण चप्पल तुटलेली होती आणि दाराशी सगळी मंडळी बसलेली. ती वेणी सुटली आणि परत घातली गेली. मी पदराचं टोक दातांत धरून बसले. धरलं ते सोडलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही, कारण घड्याळात सव्वाचारच होते. पण एक गंमत झाली. शब्द येणारच आहे आणि तो मी आणायचा नाही हे एकदा अंगवळणी पडल्यावर मला शांतवनचा चेहरा दिसायला लागला. तोवर मी फक्त त्याचं तोंड पाहत होते. अडलेल्या शब्दाशी झुंजताना तो हसत होता, अगदी बारीक.

"परवा... सांच्याला... पा... पार... पहार... मोडली. पाणी... लागलं... नाय." तो थांबला. घाम पुसला. "उद्या... प्रभूच्या... दयेनं... परत... उतरनार. आमेन."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली, आणि ढोलकी वाजली. पाणी लागल्यावर वाजली असती तेवढ्याच जोरात वाजली.

मी आमेन म्हणू शकले नाही. तोंडात पदर होता, आणि रडत होते. एवढ्या वर्षांत धीर म्हणजे फळ मिळेपर्यंत दम धरणं, असंच मी शिकवत आले. वहीतलं सातवं पाऊल तर नावानेच 'फळ' होतं. ह्या माणसाने फळाशिवाय उपकार मानले, आणि ते सांगायला तीनदा चढून तीनदा उतरला. त्यातल्या दोन फेऱ्या माझ्यामुळे.

ह्यानंतर मार्थाआक्कांनी मोठ्या आदराने माझं नाव घेतलं. मी उठले, वही उघडली, चष्मा लावला, घसा साफ केला. "धीर म्हणजे..." एवढं म्हटलं, आणि बाहेरून कुणीतरी हाळी दिली, "लाईट आलीऽऽ!"

त्या भागात शेतीची वीज कधी येईल आणि किती राहील ह्याचा नेम नसे. मोटार चालू केली तर कांदा जगणार. क्षणात खोली रिकामी झाली. ढोलकीवालाही गेला. मागे राहिल्या मार्थाआक्का, एक आंधळी म्हातारी, शांतवन आणि त्याची बायको कमल. त्यांच्या विहिरीला मोटार लावण्यासारखं काही नव्हतं.

"बोला बाई, आमी हावो ना," मार्थाआक्का म्हणाल्या.

मी वही मिटली. "मला बोलायचं नाहीये," मी म्हटलं. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल. "मला विहीर बघायची आहे."

विहिरीवर

दुपारी गेलो. गावापासून थोडं लांब, दगडांचा मोठा ढीग दिसला. विहिरीतून निघालेला तो सगळा दगड, पाटी-पाटीने वर आलेला. काठाशी दोन लाकडं आणि एक चाक, त्यावरून दोर. कमलच्या तळहातांना दोराने कातड्यासारखं करून टाकलं होतं. मी वाकून आत पाहिलं. खाली कोरडा काळा खडक, आणि त्यावर मोडलेल्या पहारेचा तुकडा.

"सोडून का देत नाही?" मी कमलला विचारलं.

"सोडून कुटं जायाचं बाई?" ती म्हणाली. "हितं नाय तर दुसरीकडं बी खडकच हाय. ह्यो वळखीचा तरी झालाय."

शांतवन काठावर बसून छिन्नीला धार लावत होता. मी त्याच्या शेजारी दगडावर बसले आणि त्याला सांगितलं. घरच्यांचं, वाऱ्याचं, 'च' म्हणजे चहा आणि 'पा' म्हणजे पाणी-पेपरचं. नाताळपासून ते गप्प आहेत हेही सांगितलं. देवळात जे कुणाला सांगितलं नव्हतं ते, म्हणजे बोलणं मीच बंद केलं, हेही. मग विचारलं, "शब्द दुसऱ्याने दिला की तुम्हाला काय वाटतं?"

तो छिन्नी खाली ठेवून बसला. शब्द उभा राहिला. मी खडकाकडे पाहत बसले. एक होला येऊन चाकावर बसला आणि उडून गेला.

"बाई... चांगल्या... मनानं... देत्यात... समदे," तो म्हणाला. मग खूप वेळ काही नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण माझ्या हातांनाही बोलायची सवय आहे. "पर... मंग... मी... उरत... नाय... ना."

तो परत छिन्नीला धार लावू लागला. मला खूप लाज वाटली. ह्यांची आठवण आली. वर्गातली एकदोन पोरंही आठवली. त्यांची उत्तरं मीच सांगून टाकत असे आणि 'बस खाली' म्हणत असे, पुढचा धडा वेळेत संपावा म्हणून. धडे वेळेत संपले सगळे.

जाताना मार्थाआक्कांनी प्रार्थना केली. पाणी लागावं असं त्यांनी मागितलंच. पण आधी मागितली पहार.

सोमवार, परत

परतीच्या गाडीला मी नव्या फाट्याला उभी राहिले. कंडक्टर कुठे जायचं विचारायला आला, तेव्हा मी त्याचं पूर्ण ऐकलं. इतकं पूर्ण ऐकलं की तो गोंधळला आणि म्हणाला, "बाई, आता तुमी बोलायचं." मनमाडला शेजारी एक बाई बसली. तिने चांदवडपर्यंत जावयाची तक्रार सांगितली, आणि मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. चांदवडला मला वाटू लागलं की आपण चांगल्याच सुधारलो. नाशिकला द्वारकेवर उतरले आणि रिक्षावाल्याने 'मीटर बंद आहे' म्हणायला 'मी' म्हटलं, तेवढ्यात मी त्याच्याशी भांडायला सुरुवात केली. सगळा धीर त्या चौकात सांडला. तेव्हा कुणी हे वाचून मला संत समजू नये.

घरी हे ओट्यावर खुर्चीत उन्हाला बसले होते. वन्सं आत भाजी निवडत होत्या. मी पिशवी ठेवली, पाय धुतले, चहा टाकला. तिघांचे कप घेऊन ओट्यावर आले, मागोमाग वन्संही. मला कांद्याचा वास येत होता, चपलेला दोरी बांधलेली होती. हे बराच वेळ त्या चपलेकडे पाहत राहिले. आणि मग नाताळनंतर पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं.

"क..."

कप? कांदा? काय झालं? माझ्या जिभेवर तिन्ही एकदम आले. वन्संनी तोंड उघडलं, तर मी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि पदराचं टोक दातांत धरलं. आता ती माझी सवयच झाली होती.

"क... क..." यांची मान ताणली गेली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. चहावर साय धरली. गल्लीतून भाजीवाली गेली, तिने 'मेथीऽऽ' म्हणून आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आठ महिने मी तोंडाकडे पाहत होते. हा चेहरा तसाच होता, गाडी घाटात अडकली तरी उतारूंना 'निघेल, निघेल' म्हणणारा. देवा, मी मनात म्हटलं, मला दुसरं काही नको, फक्त आता माझं तोंड मिटलेलं राहू दे.

"कसा..." असं निघालं. मग पुष्कळ वेळाने, "झाला..." यांनी दम घेतला. कपाळावर घाम होता. मला ठाऊक होतं पुढचं. कुणालाही ठाऊक झालं असतं. मी पदर आणखी घट्ट चावला.

"प्र... प्र... प्रवास?"

वन्सं रडू लागल्या. आठ महिन्यांत ह्या माणसाने मला चहा मागितला नव्हता, पाणी मागितलं नव्हतं. त्याला मला असंच काहीतरी विचारायचं असेल रोज, बाजारातून आले की, देवळातून आले की, आणि मी त्याच्या हातात कप देत राहिले.

तोंडातून पदर काढला तर मला शब्द सुचेना. मला! "चांगला झाला," एवढं म्हणाले. "जुन्या फाट्याला उतरले. तिथे एक शांतवन म्हणून आहे, विहीर खणतो. पण ते सगळं सांगायला फार वेळ लागेल हो."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात सावकाश वर नेला, डोक्याच्याही वर, आणि हवेतली दोरी ओढली. एकदा. हात तिथेच थांबला. मी पुन्हा पदराचं टोक हातात घेतलं.

आणि मग त्यांनी ती दुसऱ्यांदा ओढली.